टॉवेलच्या कारखान्यातलं आकाश

मी खगोलशास्त्रात पीएच.डी. केली आहे असं कळलं की लोक दोन गोष्टी विचारतात. पहिली, "मग पत्रिका बघता का हो?" आणि दुसरी, "घरी मोठी दुर्बीण असेल ना?" दोन्हींना मी नाही म्हणते आणि समोरच्याचा चेहरा पडतो. माझ्या निरोप समारंभात एका पाहुण्या बाईंनी तर कळवळून विचारलं होतं, "अहो, मग तुम्ही बघत तरी कशातून होता?" हातात नारळ आणि शाल घेऊन उभ्या उभ्या देण्यासारखं ते उत्तर नव्हतं. ते आता इथं देते.

मी आकाश बघितलं ते भर दुपारी, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, माझ्या मामांच्या टॉवेलच्या कारखान्यात. भिंतीपलीकडं माग खडखडत असायचे, केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि समोर काचेखाली ट्यूबलाइट बसवलेलं एक टेबल असायचं. दिवसा तारे दिसायला कानाखाली बसावी लागते म्हणतात. माझं तेवढ्या विजेवर भागायचं. वीज गेली की माग थांबायचे आणि माझं आकाशही विझायचं.

हे सत्तरच्या दशकातलं. मी एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. सकाळचे तास आणि प्रात्यक्षिकं आटोपली की दुपार माझी असे. त्या दुपारांवर मी पीएच.डी. करायला घेतली होती. विषय होता दीर्घिकांचा. तो काय होता ते थोडक्यात सांगते, घाबरू नका. बारावीच्या पोरांना मी तो खडू न वापरता सांगत असे.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक संसार. असे संसार आकाशात अगणित आहेत आणि त्यांची रूपं साधारण तीन. काही सर्पिल, मधल्या गोळ्याभोवती वळसे घेणारे हात असलेल्या. त्यांच्यात वायू भरपूर असतो आणि त्यातून नवे तारे जन्मत राहतात. काही लंबगोल, अंड्यासारख्या गुळगुळीत. त्यांचा वायू संपलेला, तारे म्हातारे. आणि तिसऱ्या मसुराच्या दाण्यासारख्या. यांना सर्पिलासारखी चकती असते पण हात नसतात, जणू कुणी ते पुसून टाकले आहेत.

काही दीर्घिका एकट्यादुकट्या राहतात, काही शेकड्यांनी दाटीवाटीनं. अशा दाटीला समूह म्हणायचं. अरुंधतीकेश नावाच्या तारकासमूहाच्या दिशेला, पण त्याच्या कितीतरी पलीकडं, असा एक मोठा समूह आहे. दाटीत सर्पिल कमी आणि लंबगोल, मसुरी जास्त हे जाणकारांना आधीपासून ठाऊक होतं. भांडण होतं ते कारणावरून. ही मंडळी जन्मतःच तशी, की गर्दीत राहून तशी झाली?

त्याच सुमारास उपग्रहांवरच्या उपकरणांना कळलं होतं की अशा समूहांत दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथं भयंकर तापलेला, विरळ वायू पसरलेला असतो. मग काहींनी म्हटलं, त्या वायूतून एखादी दीर्घिका वेगानं जाऊ लागली तर तिचा स्वतःचा वायू उडून जाईल. मला हे वाचताक्षणी पटलं, कारण मी ते रोज बघत होते. कारखाना सुटला की कामगार डोक्याखांद्यावर कापसाचे तंतू घेऊन सायकलवर बसायचे आणि अक्कलकोट रोडवरच्या वाऱ्यात ते तंतू मागं उडत जायचे. घरी पोचेपर्यंत माणूस स्वच्छ. दीर्घिका अशी स्वच्छ झाली की नवे तारे घडायला तिच्याकडं काही उरत नाही, हात विरत जातात आणि मसूर राहतो.

माझं काम साधं आणि चिवट होतं. समूहाच्या गजबजलेल्या मध्यापासून विरळ कडेपर्यंत एकेक दीर्घिका बघायची आणि ती तिन्हींतली कोणती ते ठरवायचं. कडेकडून मध्याकडं येताना सर्पिल पायरीपायरीनं कमी होत गेले, तर परिसराचा यात हात आहे असं म्हणायला जागा होती. त्यासाठी परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीनं टिपलेल्या आकाशाच्या फिल्मवरच्या प्रती माझ्या मार्गदर्शकांनी मला उसन्या दिल्या होत्या. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. ते लांबच्या एका शहरात, मोठ्या संशोधन संस्थेत होते. या फिल्म म्हणजे निगेटिव्ह. आकाश पांढरं आणि दीर्घिका काळ्या. खालून उजेड सोडायचा, वरून भिंग लावायचं आणि बघत बसायचं.

खालून उजेड सोडणारं टेबल कॉलेजात नव्हतं. मामांकडं होतं. त्यांनी कधीतरी पातळ कापड तपासायला म्हणून हौसेनं आणलं आणि मग टॉवेल-चादरींचा धंदा धरला. चादरीतून कसला उजेड येणार! टेबल कोपऱ्यात पडलं होतं. मी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "बा यव्वा, कुंद्रु." ये बाई, बस. आमच्याकडं अर्धं बोलणं कानडीतच असायचं. "तुझं आकाश मावतंय का बघ त्याच्यावर. जड हाय, घरी न्यायचं नाव काढू नको."

त्याच खोलीत नरसम्मा बसायची. ती माल तपासणारी. घरी तेलुगू, आमच्याशी तिचं खास सोलापुरी मराठी, आणि आवाज मागांच्या वर चढणारा. टॉवेल झटकायचा, दोन्ही हातांनी ताणायचा, सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग बघायचा आणि जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा. तिच्याकडं दोन शिक्के होते, फर्स्ट आणि सेकंड. सेकंडचा माल तागडीत घालून स्वस्तात जायचा. आमच्या घरात लहानपणापासून मामांकडचे सेकंडचेच टॉवेल.

"अम्मा, तुमी ह्याच्यात काय बघताव?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"डाग बघते."

"मग तुमचं आमचं एकच की," ती म्हणाली आणि पुढचा टॉवेल झटकला.

काम पुरं करून मी रेल्वेनं सरांकडं गेले. माझा निकाल झकास होता. मध्यावर सर्पिल जवळजवळ नाहीतच, कडेला भरपूर, आणि मधे सुरेख उतार. सरांनी आलेख बघितला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्हाला समूहाचा मध्य कुठं आहे हे बघताना दिसत होतं?"

"दिसणारच ना, सर. फिल्म समोरच होती."

"मग हा उतार आकाशातला की तुमच्या डोळ्यांतला, हे मी कसं ठरवू? जिथं शंका आली तिथं मध्याजवळ तुम्ही मसूर म्हणाला असाल आणि कडेला सर्पिल. परीक्षक हेच पहिलं विचारेल."

मी म्हटलं, मी प्रामाणिकपणे बघितलंय. ते म्हणाले, प्रामाणिकपणाची शंका नाही, डोळ्यांची आहे. मग त्यांनी आवाज मऊ केला, आणि तेच मला जास्त लागलं. फिल्म दिवाळीनंतर परत हव्या होत्या. संस्थेतल्या एका विद्यार्थ्याला हाच विषय घ्यायचा होता. मला एखादा सोपा विषय देता येईल, असं ते म्हणाले. नाहीतर मी रजा काढून इथंच येऊन राहावं. "सोलापुरात संशोधनाचं वातावरण नाही हो. माणूस कितीही हुशार असला तरी परिसर लागतोच."

परतीच्या गाडीत मला दोन गोष्टींचा राग येत होता. एक म्हणजे ते चूक बोलले नव्हते. आणि दुसरी, गाडीनं भीमा ओलांडेपर्यंत माझ्या ध्यानात आली. परिसर घडवतो हेच तर मी सिद्ध करायला निघाले होते. आणि तेच वाक्य माझ्याबद्दल कुणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी ठरवलं, दीर्घिकांचं काय व्हायचं ते होवो, मी सोलापुरातच हे पुरं करीन. दिवाळीला अजून वेळ होता.

दुसऱ्या दिवशी मी एक मोठा काळा कागद घेतला, फोटोचा कागद ज्यात गुंडाळून येतो तसला, आणि त्याला एका दीर्घिकेपुरतं भोक पाडलं. फिल्मवर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक दीर्घिकेला क्रमांक दिला. मी खिडकीकडं तोंड करून उभी राहायची. नरसम्मा फिल्म सरकवून मनाला येईल त्या क्रमांकाची दीर्घिका भोकाखाली आणायची आणि "या" म्हणायची. मी भिंगातून बघून सर्पिलाला एक, मसुराला दोन, लंबगोलाला तीन म्हणायची. ती ते क्रमांकापुढं लिहायची. तिच्या टॉवेलांच्या दोन गाठोड्यांच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढा. मामा कुरकुरले नाहीत. फक्त एकदा येऊन म्हणाले, "हिला तू आकाश शिकवलंस तर माझे टॉवेल कोण बघणार?"

सगळं झाल्यावर मी आलेख काढला. उतार गायब. मध्यावर आणि कडेला सर्पिल सारखेच.

मी रडले. कारखान्याच्या मागं रंगाच्या पाण्याचा नाला होता, तिथं जाऊन उभ्यानं रडले. दोन वर्षं मी माझ्या डोळ्यांनी मलाच फसवलं होतं असा त्याचा अर्थ होता. सर बरोबर होते, संस्थेतला तो विद्यार्थी नशीबवान होता आणि सोलापूर सोलापूर होतं. आत येऊन मी मामांना सांगितलं, की आज पत्र टाकते आणि फिल्म पाठवून देते. मामांनी चहा मागवला. त्यांना दीर्घिका कळत नव्हत्या, पण भाचीचा चेहरा कळत होता. ते एवढंच म्हणाले, "चहा तरी पिऊन जा. पत्र काय पळून जातंय?"

आणि चहा निम्मा झाला असताना नरसम्माचा नवरा आत आला. तो तिथंच मागावर होता. त्याच्या हातात चार-सहा टॉवेल होते आणि तोंड लाल झालं होतं.

"शेठ, बगा की! चांगला माल सेकंडला टाकलीया. कुटं डाग हाय दावा मला. काल घरात बोलाचाली झाली, त्याचा राग हितं काढालीया."

यामागं एक जुनी कटकट होती. पूर्वी टॉवेलांच्या प्रत्येक गाठोड्यावर मागाचा नंबर दिसायचा. बाकीचे विणकर ओरड करायचे की नरसम्मा नवऱ्याचा माल डोळे झाकून फर्स्टला टाकते. म्हणून मामांनी नियम केला की नंबराची चिठ्ठी आत दुमडून ठेवायची आणि शिक्का पडल्यावरच उघडायची. इथल्या बऱ्याच कारखान्यांत नवरा मागावर आणि बायको तपासणीला असं असायचं, त्यामुळं असले नियम करावे लागत.

मामा नरसम्माकडं वळले. "नंबर तर झाकलेला होता ना गं?"

"नंबर झाकून काय हुतंय?" तिनं हातातला टॉवेल आपटला. "ह्यांचा माल मी लांबून वळकते. काठाला ह्यांचा हात लई घट हाय. डोळं बांधा माजं, बोटानं सांगते."

"मग ओळखून मुद्दाम सेकंडला टाकलास?"

"व्हय! न्हाई टाकलं तर समदी म्हनणार, नवऱ्याचा म्हणून सोडलं. ह्यांच्या मालाला मी दुप्पट कडक बगते. माज्यावर बोट नको कुनाचं."

नवरा म्हणाला, "दुप्पट कडक कशाला? लोकांचा बगतीस तसा बग की!"

मी टॉवेल हातात घेऊन उजेडाला धरले. एकातही मला दोष दिसला नाही. मामांनी टॉवेल माझ्या हातातून घेतले, उलटसुलट केले आणि नवऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. त्या दिवसापासून त्याच्या मागाचा माल दुसऱ्या बाईकडं गेला. नरसम्मा दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

माझा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. मी काय केलं होतं ते मला लख्ख दिसत होतं. काळ्या कागदानं क्रमांक झाकले, शेजारी झाकले, पण दोन वर्षं बघितलेल्या दीर्घिका मी काठावरून ओळखत होते. ही तिरकी, हिच्या उजव्या अंगाला तारा, हिच्यावर फिल्मचा केसाएवढा ओरखडा. ओळखल्यावर मी काय करत होते? सरांचं बोट माझ्यावर होतं. म्हणून मध्यावरच्या प्रत्येक दीर्घिकेत मी हात शोधत होते. अंधूकसं काही दिसलं की सर्पिल म्हणून मोकळी होत होते. मी माझ्याच मालाला दुप्पट कडक बघत होते. पहिला उतार माझ्या डोळ्यांनी चढवलेला असेल, पण ही सपाटीही माझ्याच डोळ्यांनी केलेली होती. खरं काय ते आकाशात होतं आणि तिथवर मी अजून पोचलेच नव्हते.

पत्र टाकलं नाही. मामा म्हणाले, "आता काय झालं हसायला?" मी तो गार चहा एका घोटात संपवला.

आता मला असा माल हवा होता जो मला ओळखता येणार नाही. फिल्म उसन्या, त्या कापता येत नव्हत्या. पण त्यांचे फोटो काढून कापता येत होते. प्रत्येक दीर्घिकेचा वेगळा तुकडा, पाठीवर क्रमांक, कोणतीही बाजू वर. सरांनी दिलेल्या गठ्ठ्यात शौरी तारकासमूहाच्या दिशेच्या आणखी एका समूहाच्या फिल्म होत्या. त्या मी नीट बघितल्याही नव्हत्या. त्यांतल्या दीर्घिका यांत मिसळायच्या, सगळ्या पिसायच्या आणि मग बघायचं.

फोटो काढायला रसूलभाई आले. त्यांचा गावात स्टुडिओ होता आणि लग्नाच्या फोटोंत सावळ्या मुली उजळ करण्यात त्यांचा हातखंडा होता. त्या काळात ही कला फार मोलाची होती, मी स्वतः तिचा लाभ घेतलेला आहे. ते टेबलाशी कॅमेरा लावून एकेक भाग टिपून गेले आणि आठवड्यानं प्रिंट घेऊन आले. चेहरा असा फुललेला की मला वाटलं काम फारच उत्तम झालं असणार.

"बाई, पिक्चर अच्छी थी, मगर दाग लई थे. एक एक दाग ब्रश से भऱ्या मैं. अब देखो कैसा साफ!"

खरोखरच साफ होतं. मोठ्या दीर्घिका होत्या, लहान सगळ्या गेल्या होत्या, आणि मोठ्यांच्याही कडेची बारीक ठिपकेदार नक्षी त्यांनी निगुतीनं बुजवली होती. म्हणजे नेमके हातच. अख्खा समूह त्यांनी लग्नाच्या फोटोसारखा गोरा करून आणला होता.

मी कपाळाला हात लावून खाली बसले. ते बिचारे घाबरले. "क्या हुआ? कुछ दाग रह गया क्या?"

मी त्यांना टेबलाशी नेलं, भिंग दिलं आणि एक सर्पिल दाखवला. ते कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग ताठ होऊन म्हणाले, "या अल्ला. ये दाग नई, ये माल है." पुन्हा सगळे फोटो त्यांनी विनातक्रार काढले आणि ब्रशला हात लावला नाही. त्यांची कला मात्र एका जागी कामाला आली. समूहाच्या मध्यावर दोन प्रचंड लंबगोल दीर्घिका आहेत, त्यांच्या उजेडानं आजूबाजूची जमीन, म्हणजे मागचं रिकामं आकाश, फिल्मवर करडी पडते. तेवढ्यावरून मध्य ओळखू येऊ शकला असता. रसूलभाईंनी प्रिंट काढताना सगळ्यांची जमीन एकसारखी पांढरी केली. छपाईत फार फिक्या दीर्घिकांचा तपशील गेला, म्हणून मी ठळक तेवढ्याच ठेवल्या.

कापायला नरसम्मा बसली. ती आता माझ्याशी बोलायला लागली होती. तिच्या कात्रीला वळण लागत नसे, सगळे तुकडे एका मापाचे. पत्त्यांसारखे पिसून तिनं माझ्यापुढं ठेवले आणि बजावलं, "आता तुमचं माणूस म्हणून बगू नका."

या वेळी मी खरंच ओळखू शकले नाही. एखादा तुकडा ओळखीचा वाटला की बाजूला काढत होते, पण ते अगदी थोडे निघाले. नवरात्र आलं, गेलं. तुकडे पुन्हा पिसून मी दुसऱ्यांदा बघितले, कारण पहिल्या खेपेच्या उत्तरांशी मी स्वतः किती सहमत आहे तेही कळायला हवं होतं. मग पाठीवरचे क्रमांक उलटून आलेख काढला. 

उतार होता. पहिल्याइतका तीव्र नव्हता. सरांची शंका काही अंशी खरी होती, मध्याजवळच्या संशयितांना मी आधी जास्तच मसुरात ढकललं होतं. पण कडेकडून मध्याकडं येताना सर्पिल कमी होत होते आणि मसुरी, लंबगोल वाढत होते, पायरीपायरीनं.

दिवाळी झाल्यावर फिल्म परत करायला गेले तेव्हा आलेख पिशवीतच ठेवला. सरांच्या टेबलावर तुकड्यांचा गठ्ठा ठेवला आणि म्हटलं, "सर, मला नका विचारू. तुम्हीच बघा. मध्य कुठं आहे ते सांगा, नाहीतर नुसतं एक, दोन, तीन म्हणा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, चिडणार. पण भिंग काढलं आणि बसले. दारात आलेल्या माणसाला त्यांनी हातानंच परत पाठवलं. मधे ते एकदा पुटपुटले, "हा तुकडा कुठला असेल बरं?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटचा तुकडा ठेवल्यावर त्यांनी स्वतःच क्रमांक उलटले, स्वतःच मांडणी केली आणि पेन्सिलीनं ठिपके दिले. मी पिशवीतून माझा आलेख काढून त्यांच्या शेजारी ठेवला. काही तुकड्यांवर आमचं जुळत नव्हतं, पण उतार तोच होता.

त्यांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवून उजेडाला धरले. मग म्हणाले, "त्या मुलाला मी दुसरा विषय देतो." आणि थोड्या वेळानं, "हे तुम्ही कुठं केलंत?"

"टॉवेलच्या कारखान्यात."

त्यांना ती थट्टा वाटली. मी खुलासा केला नाही.

पुढं त्यांच्याच संस्थेत जागा निघाली तेव्हा त्यांनी मला आपणहून विचारलं. मी गेले नाही. काही घरची कारणं होती, काही नुसता हट्ट होता. गेले असते तर जास्त काम झालं असतं, हे मला आजही वाटतं आणि अजूनही टोचतं. माझ्या शोधनिबंधाची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढं बाहेरच्या देशांत कितीतरी जास्त समूह घेऊन लोकांनी तेच जास्त भक्कमपणे दाखवलं, आणि जन्मजात किती, संगतीनं किती हा वाद अजूनही पुरता मिटलेला नाही. पण मनाला टोचायला लागलं की मी स्वतःला आठवण करून देते, की वायू शिल्लक राहतो तो कडेच्या दीर्घिकांत. नवे तारे तिथं घडतात. हे मी बघून ठरवलेलं आहे, तेही ओळख लागू न देता.

प्रबंध बांधून आला तेव्हा पहिली प्रत मी मामांकडं नेली. मामांनी ती डोक्याला लावली आणि मला दारापर्यंत पोचवत नरसम्माकडं पाठवलं. तिनं हात पुसले, पानं झटकली, एक पान उजेडाला धरलं.

"काई डाग हाय का?" तिनं मला विचारलं.

खोटं कशाला बोलायचं? मी म्हटलं, "आहे. उतार कमी आला, आणि फिकट माल सोडून द्यावा लागला."

तिनं विचार केला. मग शाईची डबी उघडली, शेवटच्या पानावर शिक्का दाबला आणि फुंकर घालून प्रत माझ्या हातात दिली. जांभळ्या अक्षरांत सेकंड.

"ओळकीची हाय म्हणून सोडनार न्हाई," ती म्हणाली. "आन् जास्त कडक बी बगितलं न्हाई."

पदवी देताना मोठ्या लोकांनी माझ्या कामाबद्दल बरंच काही लिहिलं, त्यातलं आता काही आठवत नाही. ती प्रत माझ्या कपाटात आहे. आणि आमच्या घरात मामांकडचे सेकंडचे टॉवेल अजून वापरात आहेत. एकही फाटलेला नाही.